ट्रॅक्टरचा गियरबॉक्स बिघडला : चालवत न्यावा की टोचन करून?

(रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



ट्रॅक्टर आता आपल्या गावाला नवा राहिलेला नाही. नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी, मळणी, शेणखताची वाहतूक आणि गळीत हंगामात ऊस कारखान्यावर पोहोचवणे, अशी वर्षभराची कामे त्याच्यावर असतात. इंजिनाची काळजी बहुतेक जण घेतात. ऑइल, पाणी, एअर क्लीनर वेळेवर पाहतात. पण इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचवणारा जो भाग, म्हणजे क्लच, गियरबॉक्स, डिफरन्शियल आणि मागचा ॲक्सल, त्याच्याकडे तो बिघडेपर्यंत सहसा कोणी पाहत नाही. आणि तो बिघडतो तेव्हा ट्रॅक्टर बहुधा घरापुढे उभा नसतो. रानात असतो, नाहीतर भरल्या ट्रॉलीसह रस्त्यात असतो.

अशा वेळी मालकापुढे प्रश्न उभा राहतो. ट्रॅक्टर तसाच हळूहळू चालवत न्यावा, की दुसरा ट्रॅक्टर बोलावून टोचन करून न्यावा? या प्रश्नाचे उत्तर जागेवर, स्वतःच्या डोळ्यांनी आणि कानांनी कसे काढायचे, ते आज आपण पाहू या.

चालतो म्हणून चालवू नये

माणूस चालवत न्यायला का निघतो, हे आम्हाला कळते. रानाला वाफसा आलेला असतो, दोन दिवस गेले की जमीन आवळते. ऊस तोडून ट्रॉलीत भरलेला असतो. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गळितास जावा, नाहीतर वजन आणि साखर दोन्ही घटतात, हे आपण जाणता. टोचनाला भाडे पडते, शिवाय दुसऱ्याच्या दारात जाऊन ट्रॅक्टर मागावा लागतो. म्हणून मनात येते, "चालतोय ना अजून? मग जाऊ घरापर्यंत."

पण बघा, बैल लंगडू लागला तर आपण त्याला गाडीला जुंपतो का? त्याचे खूर उचलून पाहतो, काटा रुतला आहे की सांधा दुखावला आहे, ते तपासतो. ट्रॅक्टरही आपल्या परीने लंगडतो. आवाज करतो, वास देतो, तेल टाकतो. ते ओळखले पाहिजे.

गियरबॉक्सच्या आत लोखंडाचे दात एकमेकांत फिरत असतात आणि त्यांना ऑइलाचा आधार असतो. एखादे बेअरिंग झिजले आणि आपण लगेच थांबलो, तर बेअरिंग, ऑइल आणि मजुरी एवढ्यावर काम भागते. तसेच चालवत राहिलो, तर शाफ्ट हलू लागतो, दात वाकडे बसतात आणि एखादा तुटतो. तुटलेला तुकडा फिरत्या दोन दातांमध्ये सापडला की पुढचे दात जातात. कधी कधी बाहेरचे हौसिंगही तडकते. मग एका बेअरिंगचे काम गियरच्या सेटवर जाते, आणि ट्रॅक्टर ऐन हंगामात वर्कशॉपमध्ये पडून राहतो. टोचनाचे भाडे वाचवायला गेलो आणि हंगाम घालवला, असा हा हिशेब होतो.

याहून मोठी गोष्ट जिवाची. ट्रॅक्टरचे ब्रेक साधारणपणे मागच्या चाकांनाच असतात. पुष्कळ ट्रॅक्टरांत ते प्रत्यक्ष चाकाजवळ नसून डिफरन्शियलच्या बाजूच्या शाफ्टवर बसवलेले असतात. त्या शाफ्टपासून चाकापर्यंतचा गियर किंवा ॲक्सल तुटला, तर त्या बाजूचा ब्रेक लागतो, पण चाक थांबत नाही. शिवाय पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे चालू ब्रेक नसतात. उतारावर गियर निसटला आणि मागे भरलेली ट्रॉली असली, तर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलत नेते. म्हणून गियरबॉक्सचा बिघाड हा पैशाचा प्रश्न आहेच, पण तो ब्रेकचाही प्रश्न आहे.

पहिली पाच मिनिटे

बिघाडाची शंका आली की घाई करू नये. ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला, शक्यतो सपाट जागेवर घ्यावा. इंजिन बंद करून हँडब्रेक लावावा. मागे अवजार असेल तर ते जमिनीवर टेकवावे. ट्रॅक्टरच्या आणि ट्रॉलीच्या चाकांना, उताराच्या बाजूने, मोठे दगड लावावेत. मागून येणाऱ्यांना दिसेल असे लाल कापड किंवा झाडाची फांदी थोड्या अंतरावर लावावी. रात्र असेल तर चमकणारा त्रिकोण किंवा दिवा हवाच. आणि एक विनंती. निघताना ते दगड रस्त्यातून उचलून टाकावेत. मागे राहिलेल्या दगडावर रात्री एखादा मोटारसायकलवाला आदळतो आणि त्याचा संसार उघडा पडतो.

तीन प्रश्न विचारावेत

आता ट्रॅक्टरजवळ उभे राहून स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हा ट्रॅक्टर नक्की थांबेल का? दोन्ही ब्रेक लागतात का, क्लच दाबल्यावर गियर सुटतो का, आणि घातलेला गियर जागेवर राहतो का, हे पाहावे.

दुसरा प्रश्न : ऑइल जागेवर आहे का? पुष्कळ ट्रॅक्टरांत गियरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचे ऑइल एकत्रच असते. डिपस्टिक काढून पातळी पाहावी. खाली वाकून गळती पाहावी. थेंब थेंब ओघळ वेगळा आणि धार लागणे वेगळे.

तिसरा प्रश्न : आत काही तुटले आहे का? हे डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला कळते. ते कसे, हे पुढे सांगतो.

तिन्ही उत्तरे चांगली आली तरच चालवत नेण्याचा विचार करावा. एकही उत्तर वाईट आले, किंवा "सांगता येत नाही" असे आले, तरी ट्रॅक्टर चालवू नये.

लक्षणे ओळखावीत

क्लच घसरणे. ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज चढतो, पण ट्रॅक्टर त्या मानाने पुढे जात नाही. ओझ्यावर किंवा चढावर हे जास्त जाणवते आणि जळका वास येतो. आधी क्लच पेडलचा मोकळा खेळ तपासावा. पेडल थोडे मोकळे दबले पाहिजे. किती, ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. खेळ अजिबात नसेल तर प्लेट पूर्ण पकडत नाही. हे ॲडजस्ट करण्याचे काम माहितगार माणूस जागेवर करू शकतो. तेवढ्याने घसरणे थांबले, तर ट्रॉली सोडून, मोकळा ट्रॅक्टर सपाट रस्त्याने हळू नेण्यास हरकत नाही. घसरणे थांबले नाही तर प्लेट झिजली असेल किंवा तिच्यावर ऑइल आले असेल. मग ओझे ओढू नये, चढ-उतारावर जाऊ नये.

क्लच न सुटणे. पेडल पूर्ण दाबले तरी गियर घालताना कर्रकर्र आवाज होतो, किंवा ट्रॅक्टर पुढे सरकतच राहतो. असा ट्रॅक्टर वेळेवर थांबवता येत नाही. तो रस्त्यावर आणू नये.

गियर निसटणे. चालता चालता गियर आपोआप न्यूट्रलमध्ये येतो. काही जण लिव्हर हाताने किंवा पायाने दाबून धरतात आणि पुढे जातात. हे अत्यंत धोक्याचे आहे. उतारावर इंजिनाचाच ट्रॅक्टरला आवर असतो. गियर निसटला की तो आवर सुटतो. हे लक्षण दिसल्यावर भरलेली ट्रॉली एक पाऊलही पुढे नेऊ नये.

एकाच गियरमध्ये अडकणे. खालचा गियर असेल, आवाज नसेल, ऑइल ठीक असेल, क्लच नीट सुटत असेल, तर मोकळा ट्रॅक्टर जवळच्या सपाट वाटेने नेता येतो. वरचा गियर असेल तर त्यावर ट्रॅक्टर उचलताना क्लच जळतो. त्या भरीला पडू नये.

ऑइल दुधासारखे होणे. डिपस्टिकवर ऑइल पांढरट, ताकासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजावे. भाताच्या चिखलणीत ट्रॅक्टर फार खोल उतरला, किंवा धुताना पाण्याचा जोराचा फवारा सीलवर आणि झाकणावर मारला, की असे होते. असे ऑइल दातांना आणि बेअरिंगला आधार देत नाही. ते बदलेपर्यंत काम बंद ठेवावे.

आवाजाची परीक्षा

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. ऑइल पुरेसे असेल आणि टकटक किंवा खडखड ऐकू आलेली नसेल, तरच ही परीक्षा करावी. ट्रॅक्टर उभा, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला आणि इंजिन मंद चालू ठेवावे. पुढे-मागे कोणी उभे राहू नये.

क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल आणि सोडल्यावर बंद होत असेल, तर बहुधा क्लचचे रिलीज बेअरिंग गेले आहे. उलट, क्लच सोडलेला असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, असे असेल तर गियरबॉक्समधील बेअरिंगची शंका घ्यावी. उभ्या ट्रॅक्टरचा आवाज नाही, पण चाके फिरू लागली की येतो आणि वेगाबरोबर वाढतो, तर दोष डिफरन्शियलच्या किंवा मागच्या ॲक्सलच्या बाजूला असण्याचा संभव आहे. ही शेवटची खूण पाहण्यासाठी मुद्दाम ट्रॅक्टर पळवू नये. बिघाड झाला तेव्हा काय ऐकले, ते आठवावे.

घूं घूं असा बारीक आवाज बेअरिंगचा असू शकतो. चाकाच्या फेऱ्याबरोबर ठराविक टकटक येत असेल, तर दात तुटला आहे असे धरून चालावे. आणि खडखड आवाज, मध्येच अडकल्यासारखा हिसका, किंवा एखादे चाक डगमगणे, यांपैकी काहीही दिसले की तेथेच थांबावे. घर समोर दिसत असले तरी थांबावे.

ट्रॉलीचे काय?

"साहेब, ट्रॅक्टर थांबवू, पण ऊस वाळतो त्याचे काय?" असा प्रश्न आपण विचाराल. त्याचे उत्तर सोपे आहे. बिघडला आहे तो ट्रॅक्टर, ट्रॉली नव्हे. दुसरा ट्रॅक्टर बोलावायचाच आहे, तर त्याला आधी ट्रॉली जोडून ऊस कारखान्यावर पाठवावा. आपला ट्रॅक्टर कडेला सुरक्षित उभा करून त्याला नंतर न्यावे. माल थांबू द्यायचा नाही आणि बिघडलेले यंत्रही हाकायचे नाही. मात्र भरलेली ट्रॉली मागे तशीच ठेवून ट्रॅक्टर-ट्रॉली दोन्ही एकदम टोचन करण्याचा उद्योग कोणी करू नये.

चालवत न्यायचे ठरले तर

ट्रॉली आणि अवजार सोडावे. दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडणारी पट्टी लावावी. खालच्या गियरमध्ये, कमी वेगाने, दिवसाउजेडी जावे. घाटाचा किंवा मोठ्या उताराचा रस्ता असेल तर वेळ लागला तरी सपाट वाट धरावी. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून गाडी सोडू नये. दर एक-दोन किलोमीटरला थांबून ऑइलची गळती पाहावी. गियरबॉक्सच्या बाहेरून हाताची मागची बाजू जपून लावून पाहावी. हात ठेववत नाही इतके तापले असेल, किंवा आवाज वाढला असेल, तर प्रवास तेथेच संपला असे समजावे. मडगार्डवर कोणाला बसवू नये.

टोचन करताना

टोचन करणे म्हणजे दोर बांधला आणि ओढले, इतके सोपे नाही. पुढील गोष्टी पाळाव्यात.

ओढणारा ट्रॅक्टर बिघडलेल्या ट्रॅक्टरइतका किंवा त्याहून जड असावा. हलक्या ट्रॅक्टरला मागचा जड ट्रॅक्टर उतारावर आवरत नाही.

ओढ नेहमी खालच्या ड्रॉबारवरूनच घ्यावी. वरच्या टॉप लिंकच्या जागी किंवा ॲक्सलच्या वर साखळी बांधली, तर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि तो मागे उलटतो. असा उलटलेला ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर येतो, उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

बिघडलेल्या ट्रॅक्टरला पुढच्या टोचन हुकातच बांधावे. स्टिअरिंगच्या रॉडला किंवा पुढच्या ॲक्सलला बांधू नये.

रस्त्यावर नेताना लोखंडी टोचन बार, दोन्ही टोकांना पिन घालून, वापरावा. बारामुळे मागचा ट्रॅक्टर पुढच्यावर जाऊन आदळत नाही. ब्रेकची खात्री नसेल तर बाराशिवाय हलूच नये. साखळी किंवा दोर हा फक्त सपाट रानातून बांधापर्यंत काढण्यापुरता आणि तोही ब्रेक चांगले असतील तरच. तुटलेली साखळी, वायर रोप किंवा ताणलेला नायलॉन दोर चाबकासारखा मागे येतो. ओढताना आजूबाजूला मुले, माणसे उभी राहू देऊ नयेत. हिसका न देता हळू ताण घ्यावा.

मुख्य गियर आणि हाय-लो लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवावेत. पी.टी.ओ. बंद, डिफरन्शियल लॉक सोडलेला, आणि चारही चाकांना जोर देणारा ट्रॅक्टर असेल तर पुढच्या चाकांचा जोर बंद करावा. मुख्य गियर अडकून न्यूट्रल होत नसेल, तर ज्या ट्रॅक्टरांत हाय-लो लिव्हरला वेगळे न्यूट्रल असते तेथे तेवढे न्यूट्रल केले तरी चाके मोकळी होतात. क्लच दाबून धरून मैलभर टोचन करू नये, रिलीज बेअरिंग जळते.

पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन बंद असताना ते फार जड होते. इंजिन चालवण्यास हरकत नसेल तर ते मंद चालू ठेवावे. बिघडलेल्या ट्रॅक्टरवर जाणता चालक बसलाच पाहिजे. निघण्यापूर्वी दोन्ही चालकांनी थांबण्याची खूण ठरवून घ्यावी.

वेग ताशी १० किलोमीटरच्या आत ठेवावा. आपल्या पुस्तिकेत याहून कमी वेग सांगितला असेल तर तो पाळावा. दोन वाहनांतील अंतर ५ मीटरपेक्षा जास्त असू नये. मागच्या ट्रॅक्टरच्या पाठीवर "टोचन" अशी ठळक अक्षरांची पाटी लावावी. रात्री टोचन करूच नये.

जेव्हा चालवायचाही नाही आणि ओढायचाही नाही

तिसराही मार्ग असतो. चाक डगमगत असेल, ॲक्सलजवळून तेलाची धार लागली असेल, चाके अडकत असतील, न्यूट्रलच होत नसेल, किंवा ऑइल पूर्ण गळून गेले असेल, तर टोचनानेही नुकसान होते. कारण ओढताना चाकांबरोबर डिफरन्शियल फिरतच असते. अशा वेळी ट्रॅक्टर वाहनावर चढवून न्यावा, किंवा मेकॅनिकला जागेवर आणावे. मात्र गियरबॉक्स उडत्या धुळीत, उघड्या रानात खोलू देऊ नये. धूळ नव्या बेअरिंगलाही खाते.

घरी जीप, पिकअप किंवा मोटार असेल तर तिलाही हेच तीन प्रश्न लागू आहेत. फरक एवढाच, की ऑटोमॅटिक गियरची मोटार चाके जमिनीवर ठेवून ओढू नये. तिच्या गियरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून ओढली तर आतले भाग कोरडे फिरतात. ती गाडीवर चढवूनच न्यावी.

मेकॅनिकला काय सांगावे

"गियरबॉक्स गेला" एवढेच सांगू नये. कोणत्या गियरमध्ये, ओझ्यावर की मोकळा असताना, थंड की तापलेला असताना, क्लच दाबल्यावर की सोडल्यावर, हे सांगावे. ऑइल काढताना स्वतः उभे राहावे. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर बारीक करडा लगदा थोडाफार येतोच, पण लोखंडाच्या कपच्या किंवा तुकडे आले तर दात तुटला आहे. मग तुटलेले सगळे तुकडे सापडल्याशिवाय आणि हौसिंग आतून धुतल्याशिवाय बॉक्स बंद करू देऊ नये.

थोडक्यात लक्षात ठेवावे

१. नक्की थांबेल का, ऑइल आहे का, आत तुटले आहे का, हे तीन प्रश्न आधी.
२. शंका आली की चालवू नये.
३. टकटक, खडखड, हिसका, डगमगते चाक : जागेवर थांबावे.
४. गियर निसटणाऱ्या ट्रॅक्टरला भरलेली ट्रॉली लावू नये.
५. माल दुसऱ्या ट्रॅक्टरने पुढे पाठवावा.
६. ओढ खालच्या ड्रॉबारवरून, रस्त्यावर लोखंडी बारानेच.
७. वेग कमी, दिवसाउजेडी, पाठीमागे पाटी.

एक शेवटची सूचना. टोचन बार प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नाही. चार-पाच ट्रॅक्टरमालकांनी मिळून गावातल्या वेल्डरकडून एक मजबूत बार, पिनांसह, करून घ्यावा आणि सर्वांना माहीत असलेल्या ठिकाणी ठेवावा. हंगाम सुरू होण्यापूर्वी हे काम केले, तर ऐन वेळी दोर शोधत फिरावे लागणार नाही. आणि बार हाताशी असला, की "जाऊ तसेच घरापर्यंत" हा मोहही होणार नाही.